डॉबरमनचे रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल आलेत, तरी नसबंदीची भीती वाटतेय

रूबीची_ताई: आमची डॉबरमन मादी रूबी सात महिन्यांची आहे, नसबंदी करायची ठरलीये. दुधाचे दात पडत होते तेव्हा हिरड्यांतून खूप वेळ रक्त येत राहायचं, पाण्याचं भांडं लालसर व्हायचं, आम्हाला वाटलं दात पडताना होतच असेल असं. आता कळलं की तिच्याच वेतातल्या एका भावाचं नख जरा खोल कापलं गेलं तर रक्त थांबता थांबेना, शेवटी डॉक्टरांकडे न्यावं लागलं. आमच्या डॉक्टरांनी प्लेटलेट, पीटी, एपीटीटी (या दोन्ही रक्त गोठायला किती वेळ लागतो ते बघणाऱ्या टेस्ट) सगळं केलं, सगळं नॉर्मल. घरचे म्हणतात आता कशाला घाबरतेस, पण मला राहवत नाहीये. रिपोर्ट नॉर्मल म्हणजे धोका नाहीच का?

श्वानमित्र: ताई, तुम्ही थांबलात ते फार बरं केलंत. डॉबरमन म्हटलं की पहिला संशय व्हॉन विलेब्रँड या आनुवंशिक रक्तस्रावाच्या आजाराचाच घ्यायचा, या जातीत त्याचा टाइप १ हा प्रकार बराच आढळतो. यात प्लेटलेट पुरेशा असतात, पण त्यांना फाटलेल्या रक्तवाहिनीला चिकटवून धरणारं प्रोटीन कमी असतं, म्हणून प्लेटलेटचा आकडा चांगला येतो आणि पीटी, एपीटीटीपण सहसा नॉर्मलच येतात. म्हणजे तुमच्या रिपोर्टनी हा आजार नाही असं सिद्ध होतच नाही!! त्यासाठी त्या प्रोटीनची, म्हणजे व्हॉन विलेब्रँड फॅक्टरची, लेव्हल वेगळी मोजावी लागते, ५० टक्क्यांच्या खाली आली तर कमतरता धरतात. डॉक्टर दवाखान्यातच ब्लीडिंग टाइमपण बघू शकतात, वरचा ओठ उलटा करून आतून ठराविक मापाचा बारीक छेद देतात आणि रक्त थांबायला किती वेळ लागतो ते मोजतात, निरोगी कुत्र्यात साधारण ४ मिनिटांच्या आत थांबतं.

डीएनए टेस्टही आहे, पण ती पॉझिटिव्ह आली म्हणून लगेच रडू नका, दोन्ही बाजूंनी सदोष जीन आलेले कितीतरी डॉबरमन आयुष्यभर विशेष रक्तस्राव न होता जगतात. तिच्या अंगात प्रत्यक्षात प्रोटीन किती आहे ते ऑपरेशनसाठी जास्त महत्त्वाचं.

शेफर्डवाला: आमच्या नर शेफर्डला हिमोफिलिया ए आहे म्हणून लिहितोय. त्यात फॅक्टर ८ हे रक्त गोठवणारं प्रोटीन कमी असतं, एपीटीटी लांबतो आणि पीटी नॉर्मल राहतो, त्यामुळे तुमच्याकडे ते वाटत नाही. हा एक्स गुणसूत्रावरून येतो, आई वाहक असेल तर तिच्या प्रत्येक नर पिल्लाला निम्मी शक्यता, आणि ती स्वतः बघायला एकदम ठणठणीत! म्हणूनच लोक तिच्यापासून पुन्हा पुन्हा पिल्लं घेत राहतात आणि याचा मला मनापासून राग येतो. आमचा लहानपणी सारखा लंगडायचा, सगळे म्हणायचे पाय मुरगळला असेल, खरं तर सांध्यात रक्त साठत होतं.

तुमचं निदान व्हायचंय तोवर अ‍ॅस्पिरिन किंवा सूज-दुखीची गोळी डॉक्टरांना न विचारता अजिबात देऊ नका, आणि स्नायूत इंजेक्शन द्यायच्या आधी संशयाबद्दल सांगा.

मनीमाऊ_घर: थोडं विषयांतर, पण मांजरवाल्यांच्या उपयोगाचं. मांजरात फॅक्टर १२ ची कमतरता असली तर एपीटीटी खूप लांबलेला येतो, रिपोर्ट बघून घाम फुटतो, पण त्या कमतरतेमुळे रक्तस्राव होत नाही. म्हणजे रूबीच्या बरोब्बर उलटं. आणि आनुवंशिक म्हणण्याआधी गोचिडाचा ताप आणि उंदराचं औषध या दोन गोष्टी डॉक्टर तपासतातच, दोन्हींमुळे रक्त जातं.

रूबीची_ताई: सगळ्यांचे खूप आभार 🙏 लेव्हल कमी आली तर नसबंदी करूच नये का मग?

श्वानमित्र: असं काही नाही, तयारीने करतात. डेस्मोप्रेसिनचं इंजेक्शन ऑपरेशनच्या आधी देतात, त्याने काही डॉबरमनमध्ये साठवलेलं प्रोटीन रक्तात येतं, पण परिणाम काही तासांचाच आणि सगळ्यांना सारखा लागू पडत नाही, म्हणून क्रायोप्रेसिपिटेट (प्लाझ्मातून वेगळा काढलेला, हे प्रोटीन भरपूर असलेला भाग) किंवा फ्रोजन प्लाझ्मा (दात्या कुत्र्याच्या रक्तातला गोठवून ठेवलेला द्रव भाग) हाताशी हवा. तेव्हा डॉक्टरांना स्पष्ट विचारा की प्लाझ्मा मिळेल का, रूबीचा रक्तगट आधी बघणार का, आणि रात्री तिच्याजवळ दवाखान्यात कोण असेल. उत्तरं पटली नाहीत तर तारीख पुढे ढकला, ही इमर्जन्सी नाही. आणि भावाच्या घरच्यांना आजच कळवा, त्याचीही तपासणी व्हायला हवी.