मदत हवी आहे: जुगाराच्या सर्व्हेत नेमकं काय आणि कसं मोजायचं?

सर्व्हे डिझाइन करणारं कुणी आहे का इथे? लोकांमध्ये जुगार किती जण खेळतात आणि त्यातल्या किती जणांना त्याचा त्रास होतोय, हे दोन्ही मोजायचंय. 'जुगार खेळता का?' असं थेट विचारलं की लोक सरळ नाही म्हणतात, आणि लॉटरी, स्क्रॅच कार्ड, पैसे लावून पत्ते, मॅचवर बेटिंग असं एकेक नाव घेतलं की तेच लोक हो म्हणतात, म्हणून यादी द्यायची हे पक्कं.

त्रासासाठी पीजीएसआय (जुगाराचा त्रास किती आहे हे मोजायची तयार प्रश्नावली) घ्यावं म्हणतोय, ९ प्रश्न, गेल्या १२ महिन्यांबद्दल, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण ८ किंवा जास्त आले की प्रॉब्लेम गॅम्बलिंग. पण हरलेले पैसे काढायला परत खेळलात का, हे घरच्यांसमोर कोण खरं सांगणार? ऑनलाइन घेतला तर लोक मोकळेपणाने लिहितात, पण मुळात नेटवर जास्त असणारेच येतात आणि आकडा फुगतो. फोनवर घेऊ की फॉर्म हातात देऊन त्यांनाच भरू देऊ?

शिवाय ८ किंवा जास्त गुणांचे इतके थोडे निघतात की वयोगटाप्रमाणे फोड केली तर हातात काहीच राहत नाही (सॅम्पल वाढवायला बजेट नाही, ते सुचवू नका प्लीज). ३ ते ७ वाले त्यांच्यात मिळवून दाखवले तर चालतं का?