'रमन राघव २.०': झोप उडवणाऱ्या सिनेमाला दाद द्यायची की नाही?

पोटमाळा
काल रात्री 'रमन राघव २.०' दुसऱ्यांदा पाहिला. २०१६ साली अंधेरीत लास्ट शोला पाहिला होता, तेव्हा बायको मध्यंतरानंतर आत आलीच नाही, बाहेर सामोसा खात बसली. या वेळी घरी, दिवे चालू ठेवून पाहिला. तरी रात्री दोनला उठून कडी लावलीय ना ते बघून आलोच.

माझ्या मते अनुराग कश्यपचा हा सगळ्यात हुशार सिनेमा. साठच्या दशकात मुंबईत एकामागून एक खून करणाऱ्या खऱ्या रमन राघवची ही गोष्ट नाही, हे तो पडद्यावर आधीच सांगून टाकतो. नवाजुद्दीनचा रामण्णा स्वतःहून पोलिसांना खून सांगतो आणि पोलीसच त्याला वेड्यात काढतात. म्हणजे 'कोणी केलं?' हा प्रश्न सुरुवातीलाच बाद.

आणि बहिणीच्या घरचा प्रसंग! अमृता सुभाष, तिचा नवरा, लहान मुलगा आणि वर्षांनी उगवलेला भाऊ. आपल्याकडे दारात आलेल्या भावाला 'जा' म्हणायची सोय नसते, तो सगळा प्रसंग या रिवाजावर उभा आहे. ती हसते, बोलते, आणि आपल्याला तिचे फक्त डोळे दिसत राहतात. रक्त जवळजवळ नाहीच, तरी पोटात गोळा येतो. याला दाद नाही द्यायची तर कशाला?

सायडिंग
दाद अमृता सुभाषला दे, दहा वेळा दे. सिनेमाला नको.
खऱ्या रमन राघवने मारली ती झोपडीत, फुटपाथवर झोपलेली माणसं. त्याने स्वतः ४१ खून कबूल केले होते. त्यातल्या एकाचं तरी नाव तुला येतं? मला येत नाही. त्याचं नाव मात्र पोस्टरवर, वर '२.०', मोबाईलचं नवं मॉडेल आल्यासारखं.

वडाळा_फास्ट
विकी कौशलचं कोणी बोलतच नाही! नशेत बुडालेला तो एसीपीच खरा हादरवतो. खुनी निदान स्वतःशी प्रामाणिक आहे, याच्या अंगावर वर्दी आहे. शेवटी दोघं समोरासमोर येतात तेव्हा...

चकलीभाजणी
ओ वडाळा, शेवट फोडू नका. (वडाळ्याला फास्ट थांबते कधीपासून?)

आज्जीचा_नातू
सायडिंगशी सहमत, पण कारण वेगळं.
माझी आजी १९६८ मध्ये मालाडच्या चाळीत राहायची. गॅलरीत झोपणं बंद, खिडक्या बंद, उकाड्याने पोरं रडताहेत, आणि पुरुष पाळीपाळीने काठ्या घेऊन जागताहेत. तो मांजर होऊन घरात शिरतो, पोपट होतो, असल्या वावड्या. पाण्याच्या रांगेत रोज नवी भर. ऑगस्टमध्ये पकडला गेला तरी पुढे महिनाभर कोणी बाहेर पथारी टाकली नाही म्हणे.

तिला हा सिनेमा लावून दिला होता. नवाजुद्दीन लोखंडी सळई फरफटत चालतो तो आवाज आला आणि मी कानावर हात ठेवले. आजी निवांत शेंगा सोलत होती. म्हणाली, "हा दिसतोय की रे. आम्हाला तो कधी दिसलाच नाही, म्हणून तर झोप लागायची नाही."
हा माणूस पडद्यावर फार दिसतो, हीच माझी तक्रार.

पोटमाळा
आजींपुढे बोलायची माझी टाप नाही. तरी सांगतो, नातवा, कान तू झाकलेस ना? दिसत असूनही झाकलेस.
सायडिंग, नावांचा मुद्दा लागला. पण नावं विसरलो ती आपण, कश्यपने नाही.

चकलीभाजणी
श्रीराम राघवनने १९९१ मध्ये रघुवीर यादवला घेऊन याच माणसावर 'रमन राघव' केला होता. खऱ्या प्रकरणावरचा, छोटासा, कमी खर्चातला. मला तो जास्त झोंबला, कारण त्यात खुनी रुबाबदार नाही. नवाजुद्दीनचा रामण्णा वाक्यं मारतो, आणि पोरं ती स्टेटसला टाकतात. घोळ तिथे आहे.

सायडिंग
हेच म्हणतोय मी!
आता माझीच गंमत ऐका. रात्री या प्रकरणाबद्दल काय काय आठवतंय ते मनात उजळत बसलो. अटकेनंतर तो तोंड उघडेना, मग त्याला कोंबडीचं जेवण दिलं. मग त्याने तेल, कंगवा, आरसा मागितला. रमाकांत कुलकर्णी तपास करत होते. फाशीची जन्मठेप झाली, १९९५ मध्ये पुण्याला ससूनमध्ये मेला. कंगव्यापर्यंत सगळं पाठ! मेलेल्यांपैकी कोणाचं काही नाही. म्हणजे पोस्टर ज्या प्रेक्षकासाठी छापलं तो मीच निघालो. सिनेमाला दाद अजूनही देणार नाही, पण आवाज जरा खाली घेतो.

वडाळा_फास्ट
मग शेवट सांगू का आता?

चकलीभाजणी
नाही.

पोटमाळा
बायकोला हा सगळा धागा वाचून दाखवला. म्हणाली, "सामोसा एकच खाल्ला. बाकी वेळ, शो सुटल्यावर स्टेशनपर्यंत चालत जायचं की रिक्षा करायची, ते ठरवत होते. तुला तेव्हा विचारलं होतं, तू म्हणालास आधी शेवट बघू दे."