रोपं खरंच जगली याचा पुरावा ब्लॉकचेनवर ठेवायचा का? दीड लाख मागायलेत

गायरान_रविवार

नमस्कार मंडळी, जरा लांबलंय पण वाचा. आम्ही आठ-दहा जण दर रविवारी मोहोळ तालुक्यातल्या एका गावच्या गायरानावर काम करतो. सलग समतल चर काढले, ओघळीवर दगडी बांध घातले आणि दोन पावसाळ्यांत नऊशेच्या आसपास रोपं लावली, लिंब, बोर, हिवर, करंज असली सगळी इथलीच. पहिल्या उन्हाळ्यात टँकर परवडला नाही म्हणून बाटल्या आणि घागरींनी पाणी घातलंय, पोरांच्या तळहाताला फोड आलेत.

मागच्या वर्षी एका दुसऱ्या संस्थेच्या अहवालात आमच्याच चराचा फोटो दिसला. आमची पाटी होती तो कोपरा कापलेला, पण चराच्या कडेला माझी निळी बाटली तशीच पडलेली, झाकणाला लाल दोरा बांधलेली. त्यांना फोन केला तर म्हणाले तुमचाच फोटो कशावरून? आणि खरं सांगतो, माझ्याकडं उत्तर नव्हतं. लई जिव्हारी लागलं.

आता एक कंपनी सीएसआरमधून पैसे द्यायला तयार आहे पण पक्का पुरावा पाहिजे म्हणतीय, आणि एकजण सगळी नोंद ब्लॉकचेनवर टाकून देतो म्हणून दीड लाख मागायलाय. दीड लाखात दोन उन्हाळ्यांचं पाणी होतंय आमचं. खर्च करावा का? ज्याला कळतंय त्यानं साध्या भाषेत सांगा.

कोडवाला_जुळेसोलापूर

दादा, दीड लाख देऊ नका, आधी हे वाचा.

ब्लॉकचेन म्हणजे खूप संगणकांवर एकाच वेळी ठेवलेली नोंदवही, तिचं एकेक पान म्हणजे ब्लॉक. तिच्यावर फोटो ठेवत नाहीत, फोटोचा हॅश ठेवतात. शा-२५६ म्हणून पद्धत आहे, फाइल केवढीही असू दे, त्यातून ६४ अक्षरांची एक ओळ निघते, तोच हॅश, आणि फोटोतला एक ठिपका जरी बदलला तरी पूर्ण ओळ वेगळी येते. प्रत्येक ब्लॉकमध्ये आधीच्या ब्लॉकचा हॅश असतो म्हणून मागं जाऊन एक नोंद बदलायची तर पुढची सगळी साखळी परत बांधावी लागते, त्यामुळं एकदा आत गेलेली तारीख पक्की. हे तारीख बांधायचं काम ओपनटाइमस्टॅम्प्स नावाची सेवा २०१६ पासून फुकट करतीय. खूप जणांच्या फाइलींचे हॅश एकात एक गुंफून शेवटी एकच हॅश बिटकॉइन नावाच्या ब्लॉकचेनवरच्या एका व्यवहारात जातो, म्हणून तुमच्या वाट्याला खर्च येत नाही. काही तासांत पक्कं होतं आणि एक छोटी पुराव्याची फाइल मिळते, ती मूळ फोटोसोबत जपायची. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो चालणार नाही, तिथं तो दाबून लहान होतो, मग हॅश जुळत नाही. थेट मोबाइलमधली मूळ फाइल पाहिजे.

पण यातून एवढंच सिद्ध होतं की फोटो त्या तारखेला अस्तित्वात होता. तो त्याच दिवशी काढला की चार वर्षांपूर्वी, ते नाही कळत. त्यासाठी एक युक्ती आहे. सकाळी निघताना बिटकॉइनच्या ताज्या ब्लॉकच्या हॅशची शेवटची आठ अक्षरं पाटीवर लिहायची आणि पाटी रोपाशेजारी ठेवून फोटो काढायचा. ती अक्षरं आदल्या दिवशी जगात कुणालाच माहीत नसतात, म्हणजे फोटो त्या सकाळच्या आधीचा असूच शकत नाही. त्याच संध्याकाळी हॅश टाकला की दोन्ही बाजूंनी तारीख बांधली गेली.

बिटकॉइनला वीज खूप लागते हे माहितीय, झाडं लावणाऱ्याला ते खटकणारच. इथेरियम या दुसऱ्या ब्लॉकचेनने सप्टेंबर २०२२ मध्ये पद्धत बदलली आणि त्यांचा वीजवापर ९९ टक्क्यांहून जास्त घटला, त्यामुळं तोही पर्याय आहे, पण तिथं प्रत्येक नोंदीला थोडे का होईना पैसे पडतात. आणि शेतकऱ्याचं नाव, गट नंबर, फोन असलं काही साखळीवर टाकू नका, पुन्हा काढता येत नाही.

निवृत्त_मृदसंधारण

पोरांनो, मी आयुष्यभर बांधबंदिस्तीची मापं घेतली म्हणून बोलतो. ही साखळी मला फेरफारच्या वहीसारखी वाटली. जुनी नोंद खोडत नाहीत, कंस करतात, नवीन नोंद नवीन नंबरनं येते. चांगली पद्धत आहे. पण तलाठ्यानंच चुकीचं लिहिलं तर वही काय करणार? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार.

रोजगार हमीच्या हजेरीचंच बघा. २०२१ पासून ॲपवर फोटो घ्यायला लागले, आणि जुलै २०२५ मध्ये केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयालाच पत्र काढून सांगावं लागलं की कामाशी संबंध नसलेले फोटो चढवतायत, फोटोचा फोटो काढून चढवतायत. जीपीएससुद्धा खोटं दाखवणारी ॲपं आहेत. यंत्र होतं, नोंद होती, माणूस बघायला गेला नाही.

म्हणून माझं म्हणणं, काम सुरू व्हायच्या आधीची नोंद पहिली करा. चर काढायच्या आधी जमीन कशी होती, शेजारच्या दोन विहिरींना पाणी किती हातांवर होतं, दोर सोडून मोजा, दर महिन्याच्या एकाच तारखेला मोजा. ज्यानं लावलं त्यानं मोजायचं नाही, दुसऱ्या गावच्या माणसानं मोजायचं. रोपांची गणती जुलैत करू नका, तेव्हा सगळं हिरवंच असतं, दुसऱ्या उन्हाळ्याच्या शेवटी मेअखेर करा. मेलेली रोपंही लिहा. नऊशेतली चारशे जगली असं कुणी लिहिलं तर मी त्या माणसावर पटकन विश्वास ठेवीन. आपल्याकडं पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, शंभर टक्के जगली म्हणणाऱ्याला मी आधी जागेवर घेऊन जाईन.

माळरान_नान्नज

काकांचं पटलं. मी यात अजून एक घालते कारण कुणी विचारलंच नाही, ते गायरान मुळात कसलं आहे? गवताळ माळ असेल तर तिथं झाडं लावणं म्हणजे सुधारणा नाही, नुकसान आहे. आपलं नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ चं. माळढोकाला मोकळा माळ लागतो, लांब नजर जावी लागते, काळवीट आणि लांडगा पण त्याच माळावर जगतात. पूर्वी पडीक म्हणून अशा माळांवर गिरिपुष्प नि काय काय लावलं गेलं. पडीक नव्हतं ते, गवत होतं.

आणि उपग्रहाच्या भरवशावरही राहू नका. सेंटिनेल-२ ची चित्रं फुकट मिळतात, दर पाच दिवसांनी, पण त्यातला एक ठिपका दहा मीटर बाय दहा मीटरचा. तुमचं गुडघाभर रोप त्यात दिसणारच नाही. उलट वेडी बाभूळ माजली तरी ते हिरवं दाखवेल आणि कुणीतरी ते यश म्हणून साखळीवर कायमचं नोंदवेल, मला भीती याची वाटते.

२०२१-२२ मध्ये लाखो टनांची जुनी कार्बन क्रेडिट्स, म्हणजे इतका कार्बन वाचवला याची विकता येणारी प्रमाणपत्रं, टोकन म्हणजे डिजिटल नाणी करून ब्लॉकचेनवर आणली होती, त्यातली नोंद सगळ्यांना उघडी दिसत होती, तरी मे २०२२ मध्ये क्रेडिट देणाऱ्या व्हेरा संस्थेनं वापरून झालेल्या क्रेडिटवर टोकन काढणं बंद केलं. टोकन कुठं गेलं ते दिसत होतं, जमिनीवर काय झालं ते त्यात नव्हतं. गवत मोजायचं असेल तर मीटर बाय मीटरची चौकट टाका, आत कुठलं गवत किती ते लिहा. पवन्या, मारवेल परत आलं का ते मेंढपाळाला विचारा, त्याच्याइतकं कुणाला कळत नाही.

गायरान_रविवार

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, तुमचं वाचून काल संध्याकाळी परत जाऊन बघून आलो. वरचा सपाट भाग खरंच गवताचाच आहे, तिथं आम्ही साठ-सत्तर रोपं लावलीत. ती आता पुढं वाढवणार नाही, वरचा माळ गवतालाच सोडू, झाडं फक्त ओघळीच्या कडेनं. हेही नोंदीत लिहितो, आमची चूक म्हणून.

कंपनीला सांगितलं की दीड लाख पाण्याला द्या, नोंद आम्ही ठेवतो. विचार करून कळवतो म्हणाले. काका, आधीच्या दोन वर्षांचं विहिरीचं माप नाही आमच्याकडं, ते गेलं ते गेलं, पण एका विहीरवाल्या आजोबांनी भिंतीवर दर पाडव्याला कोळशानं रेघ मारून ठेवलीय पाण्याची, सहा-सात रेघा आहेत. त्याचा फोटो पहिला टाकणार.

शेजारच्या गावचे एक मेंढपाळ मामा मोजायला तयार आहेत. रविवारी सकाळी साडेसहाला मोहोळ स्टँडवर भेटू, पाटी माझ्या पोरीची आहे, खडू कुणीतरी आणा.