शब्दचर्चा: आणेवारी आणि पैसेवारी

प्रश्न: ‘अंतिम पैसेवारी 50 पैशांपेक्षा कमी’ अशी बातमी दुष्काळी वर्षात हमखास वाचनात येते. हे पैसे शेतकऱ्याला मिळतात की त्याच्याकडून घेतले जातात? जुनी माणसे यालाच आणेवारी का म्हणतात?

उत्तर: येथे पैशांची देवघेव मुळीच नाही. टक्केवारीत जसा शंभराचा हिशेब, तसा आणेवारीत सोळाचा, कारण जुन्या रुपयाचे सोळा आणे होत. पूर्ण पिकलेले पीक म्हणजे सोळा आणे, आणि प्रत्यक्ष हाती आलेले पीक त्याचा जेवढा भाग भरेल तेवढी त्या गावाची आणेवारी. 1 एप्रिल 1957 रोजी दशमान नाणी आली, रुपयाचे शंभर पैसे झाले आणि पुढे सरकारी कागदांत पैसेवारी हा शब्द रुळला. 50 पैसे म्हणजे जुने आठ आणे, अर्धे पीक. त्याखाली आकडा गेला की टंचाईच्या सवलतींची वाट मोकळी होते: जमीन महसुलात सूट, कर्जवसुलीस स्थगिती, मुलांच्या परीक्षा शुल्कात माफी.

आधी नजरअंदाज, मग सुधारित आणि शेवटी अंतिम, अशा तीन टप्प्यांत पैसेवारी ठरते. आमच्या बीड जिल्ह्यात लहानपणी मी त्यासाठी होणारी बाजरीची नमुना पीककापणी पाहिली आहे. तलाठी, सरपंच आणि पोलीस पाटील यांच्यासमोर खुंट्या ठोकून दोरीने चौकोन आखला, त्यातलीच कणसे खुडून मळली, उफणली आणि दाणे तागडीत टाकले, तेव्हा बांधावर कोणीही बोलत नव्हते. मात्र हा आकडा गावाचा असतो, शेताचा नव्हे. विहिरीखालची बागायत आणि माळावरची करपलेली बाजरी एकाच सरासरीत जातात, आणि माळवाल्यावरचा हा अन्याय या शब्दात कोठेच दिसत नाही.

बोलण्यात अजूनही ‘औंदा चार आण्याचंच पीक हाय’ असेच ऐकू येते. उभ्या पिकाकडे पाहून पाव, अर्धे, पाऊण असाच अंदाज बांधता येतो. चार, आठ, बारा आणे त्यात नेमके बसतात.

पुरवणी: कोकणात आणेवारीचा दुसरा अर्थ सामाईक जमिनीतील हिस्सा असा आहे. जुन्या सातबाऱ्यावर नावापुढे आणे-पै लिहिलेले आढळतात. आण्याच्या 12 पै असल्याने तिघा भावांना प्रत्येकी 5 आणे 4 पै अशी बिनबाकीची वाटणी होई. शंभर पैशांत ती होत नाही.