दहावीनंतर सिव्हिल डिप्लोमा: कमी खर्चात चांगलं कॉलेज कसं शोधायचं?

पालक_सातारा
मुलाला दहावीला ८४ टक्के. खुला वर्ग, वार्षिक उत्पन्न ४ लाख. सिव्हिलच करायचंय. सरकारी नाही मिळालं तर खासगी कॉलेज कशावरून निवडायचं? सगळ्यांची माहितीपत्रकं सारखीच चकचकीत.

ओळंबा
पहिला पर्याय शासकीयच. कराडचं शासकीय तंत्रनिकेतन तुमच्याच जिल्ह्यात आहे, फी वर्षाला सात-आठ हजारांच्या आसपास.

खासगीची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या साइटवर कॉलेजवार मिळते. तिथे एकूण आकडा बघून थांबू नका, शिक्षण शुल्क आणि विकास शुल्क वेगवेगळं बघा. राजर्षी शाहू शिष्यवृत्तीत (उत्पन्न ८ लाखांच्या आत) निम्मं शिक्षण शुल्क सुटतं, विकास शुल्क नाही. समजा फी ६० हजार आणि त्यात विकास शुल्क ६ हजार, तर तुमच्या खिशातून ३० नाही, ३३ हजार जाणार. शिवाय शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर (राज्य सरकारचं शिष्यवृत्तीचं पोर्टल) दरवर्षी करायचा असतो. दुसऱ्या वर्षी नूतनीकरण विसरणारे ढीगभर.

टीएफडब्ल्यूएसच्या (शिक्षण शुल्क माफी योजनेच्या) जागाही बघा. शिक्षण शुल्क पूर्ण माफ, पण जागा मंजूर प्रवेशक्षमतेच्या ५ टक्केच, म्हणजे ६० च्या वर्गात ३. कटऑफ साहजिकच वर. केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत (कॅप) कॉलेजांचे पर्याय भरताना त्यांचा चॉइस कोड वेगळा असतो. कॉलेजचा नेहमीचा कोड भरला म्हणजे त्यात टीएफडब्ल्यूएसही आलं असं होत नाही. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेवा.

डंपी_लेव्हल
फीचं वर आलंच. कॉलेज बघायला जाल तेव्हा ऑफिसात चहा पीत बसू नका, थेट काँक्रीटच्या लॅबमध्ये जा आणि क्युरिंगच्या टाकीत (काँक्रीट पाण्यात मुरवतात ती) डोकवा. काँक्रीटचे १५ सेंमीचे क्यूब पाण्यात आहेत का, त्यांवर मिक्स आणि तारीख लिहिलीय का? टाकी कोरडी आणि कोपऱ्यात कोळिष्टकं, म्हणजे ७ आणि २८ दिवसांच्या मजबुतीच्या टेस्ट जर्नलमध्येच होतात. कॉम्प्रेशन मशीनवर (क्यूब दाबून फोडायचं यंत्र) कॅलिब्रेशनची तारीख बघा. एम २० या नेहमीच्या ग्रेडच्या काँक्रीटचा २८ दिवसांचा क्यूब साधारण ४५० किलोन्यूटनला फुटायला हवा; काटाच चुकत असेल तर पोरं काय शिकणार?

सर्व्हेसाठी टोटल स्टेशन (अंतर आणि कोन मोजायचं इलेक्ट्रॉनिक यंत्र) किती आणि एका बॅचमागे पोरं किती, हे दुसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा, सरांना नको. कपाटात बंद असलेलं टोटल स्टेशन फक्त तपासणीच्या दिवशी बाहेर निघतं.

एनबीए (राष्ट्रीय मूल्यांकन मंडळ) मान्यता कॉलेजला नसते, एकेका शाखेला असते, तीही ठराविक मुदतीची. मेकॅनिकलला मिळालेली मान्यता गेटवर झळकवतात. सिव्हिलची आहे का, कधीपर्यंत, एवढंच विचारा.

पालक_सातारा
एका ठिकाणी म्हणाले, कॅपमध्ये आमचं नाव टाकू नका, थेट या, फीत सवलत देतो.

ओळंबा
नको. संस्थास्तरावरच्या प्रवेशाला वर लिहिलेली शिष्यवृत्ती मिळत नाही, ती कॅपमधून आलेल्यांनाच. तोंडी सवलत पहिल्या वर्षापुरती टिकली तरी नशीब.

आणि पर्यायांचा क्रम नीट लावा. पहिल्या क्रमांकाचं कॉलेज मिळालं की जागा आपोआप फ्रीझ (पक्की) होते, पुढच्या फेरीत बदलता येत नाही. नुसतं जवळचं म्हणून कुठलंही नाव वर टाकू नका. कराड पहिलं, मग टीएफडब्ल्यूएसचे कोड, मग बाकीचे.