एमए इकॉनॉमिक्सनंतर पॉलिसी रिसर्च: रोजचं काम नक्की काय असतं?

कोल्हापूरची_मृ:
नमस्कार मंडळी. मागच्या वर्षी शिवाजी विद्यापीठातून इकॉनॉमिक्समध्ये एमए केलं, आता एका पतसंस्थेत नोकरी करतेय पण मन लागत नाही. मला सरकारी धोरणांवर रिसर्च आणि मॉडेलिंग करायचंय, म्हणजे योजना आली की कुणाला मिळणार, खर्च किती येणार, असलं. घरचे म्हणतात नेट-सेट करून प्राध्यापक हो. पीएचडीशिवाय यात शिरता येतं का? गणित बरं आहे पण कोडिंग म्हणाल तर एक्सेलच्या पुढे गेलेले नाही. आणि हे लोक दिवसभर करतात काय?

आकडेमोड:
मी सहा वर्षं मुंबईत रिसर्च असोसिएट आहे, पीएचडी नाही. शिरता येतं, पण वर चढायचं तर पुढे कधीतरी पीएचडी लागते हे आधीच सांगतो.

काम कसं असतं ते लाडकी बहीण योजनेवरून सांगतो. अट अशी की बाईचं वय 21 ते 65 आणि कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत, मिळणार महिना 1500. 2024 मध्ये योजना आली तेव्हा किती बायका बसतात हे मोजायला आपल्याकडे काय होतं, तर 2022-23 चा घरगुती खर्चाचा सर्व्हे, आणि त्यात उत्पन्न नाहीच, फक्त खर्च आहे. मग खर्चात अंदाजे बचत मिळवून उत्पन्नाचा अंदाज बांधायचा. अडीच लाख म्हणजे महिन्याला 20,833, पाच जणांच्या घरात माणशी 4,167 च्या आसपास. आणि त्या सर्व्हेत ग्रामीण भारताचा माणशी सरासरी खर्च 3,773 रुपये आहे. म्हणजे अटीची रेषा बरोबर गर्दीतून जाते, त्यामुळे बचत किती धरली यात जरा फरक केला की लाभार्थी लाखांनी इकडचे तिकडे होतात! म्हणून एकच आकडा कधीच द्यायचा नाही, कमीत कमी आणि जास्तीत जास्त दोन्ही द्यायचे आणि काय गृहीत धरलं ते पहिल्याच पानावर लिहायचं. माझा बहुतेक वेळ यातच जातो, मॉडेल चालवायला दहा मिनिटं लागतात.

बांधावरून:
वरचं सगळं बरोबर, पण मृ, ऑफिसात बसायच्या आधी एकदा तरी सर्व्हेला गावात जा गं. आम्ही बीड जिल्ह्यात डिसेंबरात गेलो होतो, यादीतल्या घरांना कुलपं, कारण माणसं ऊसतोडीला गेलेली. नियम असा की घर बंद असेल तर बदली घर घ्यायचं, म्हणजे जे गावात राहू शकतात तेच कागदावर आले. मी मे महिन्यात परत गेले तेव्हा एका बाईंना विचारलं तुमची मजुरी किती, तर म्हणाल्या, "माझी येगळी कुठली, कोयता दोघांचा, उचल मालकांनी घेतली." म्हणजे नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात आणि आगाऊ रक्कम नवऱ्याने घेतलेली. आता त्यांच्या रकान्यात काय लिहायचं? शून्य लिहिलं तर पहाटे चारपासून मोळ्या बांधणारी बाई मॉडेलमध्ये बिनकमाईची होते. आम्ही निम्मी-निम्मी लिहिली आणि तशी टीप दिली, अजूनही वाटतं याहून नीट विचारायला हवं होतं.

कोल्हापूरची_मृ:
हे वाचून अंगावर काटा आला, आमच्याकडे ऊस तोडायला येतात ते हेच लोक, दरवर्षी फडात बघते. सुरुवात कुठून करू?

आकडेमोड:
आर शिक, आकडेवारीचं सॉफ्टवेअर आहे आणि फुकट आहे, तसंच दुसरं स्टाटा, ते महाग पडतं. सांख्यिकी मंत्रालयाच्या साइटवर रजिस्टर करून 2023-24 च्या पीएलएफएसचा, म्हणजे रोजगाराच्या सर्व्हेचा, युनिट लेव्हल डेटा (एकेका माणसाची कच्ची नोंद) उतरव, तोही फुकट. एक गोष्ट जपायची, त्यातला मल्टिप्लायर, म्हणजे सर्व्हेतलं एक घर खऱ्या किती घरांच्या जागी धरायचं तो आकडा, जसाच्या तसा लावायचा नाही, सोबतच्या फाइलीत सूत्र दिलंय, कुठे 100 ने भागायचं कुठे 200 ने, शिवाय क्वार्टरच्या (तिमाहींच्या) संख्येने. मी पहिल्यांदा हे विसरलो आणि राज्याची लोकसंख्या देशापेक्षा जास्त आली. ग्रामीण महाराष्ट्रातल्या किती बायका कामात आहेत एवढंच काढ आणि मंत्रालयाच्या अहवालातल्या तक्त्याशी जुळतंय का बघ. जुळलं तर मुलाखतीत दाखवायला तेवढं पुरेसं आहे.

बांधावरून:
आणि त्यातल्या बिनपगारी घरच्या धंद्यात राबणाऱ्या किती तेही वेगळं काढ, तो आकडा बघून मग बोलू.

कोल्हापूरची_मृ:
आज रात्रीच डाउनलोडला लावते. रविवारपर्यंत दोन्ही आकडे इथे टाकते.