प्रतिसाद: चवळीनं मका खरंच मार खाते का?

वर एका दादांनी लिहिलंय की मक्यात आंतरपीक म्हणून चवळी घेतली की मक्याचं उत्पन्न घटतं, ते अर्धंच खरंय. वेलीची चवळी लावली की ती मक्यावर चढते, ताटं आडवी होतात. बुटकी झुडपी चवळी घ्या, मक्याच्या ओळीत ६० सेंमी अंतर अन् मधे चवळीची एक ओळ, आमच्या परभणीकडच्या काळ्या रानात जमीन लवकर झाकली जाते, तण दबतं, खुरपणीचा खर्च कमी होतो. पण चवळीच्या मुळावरच्या गाठी हवेतला नत्र (नायट्रोजन) धरतात म्हणून मक्याचा युरिया बंद करू नका हो, तो नत्र बराचसा पाला-मुळं कुजल्यावर पुढच्या रब्बी ज्वारीला मिळतो. मक्याच्या सावलीनं शेंगा कमी लागतात हे मान्य, पण हिशोब दोन्ही पिकांचा मिळून धरा ना, शिवाय जनावराला हिरवा चाराय.